चनमल्लप्पांच्या मातीला

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
ता. ४ जानेवारी २०२५

चि. मृत्युंजय यास शिवलीलाअक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसू नकोस. फोन असताना अक्का कागद कशाला काळे करते, असं तुला बंगळूरला बसून वाटेल. पण इथे फोन वाजला की अव्वा स्पीकर लाव म्हणते, आणि अप्पांना ऐकू कमी येतं ते फक्त मी औषध घ्या म्हटल्यावर. बाकीचं सगळं त्यांना स्वच्छ ऐकू येतं. म्हणून तुझ्याशी जे एकटीनं बोलायचं, ते असं पाकिटात घालावं लागतं.

दोघांच्या तब्येती बऱ्या आहेत. अप्पांना अकराच्या ठोक्याला भाकरी लागते, दहा पन्नासला दिली तर गार आणि अकरा पाचला दिली तर उपाशी मारलं. इष्टलिंगाची पूजा होईपर्यंत पाणी घेत नाहीत आणि बेलाच्या पानाला जरा भोक दिसलं की मला परत झाडाखाली पाठवतात. अव्वानं तिसरी कामवाली बाई पळवून लावली. या वेळी चांदीची विभूतीची डबी चोरल्याचा आळ घेतला. बाई रडत गेली आणि डबी अव्वाच्याच उशीखाली निघाली. नवल म्हणजे एरवी अशा वेळी आवाज चढवणारे अप्पा त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवलेसुद्धा नाहीत. का ते विचारायची सोय नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या शाळेतल्या आम्हा पाच शिक्षिकांचं १९ तारखेला, रविवारी, रत्नम्माच्या वळसंगच्या शेतावर हुरड्याला जायचं ठरलंय, तिथे झोपाळाही असतो. गेली तीन वर्षं मी ऐनवेळी राहते. घरी दोनदा सरळ विचारून पाहिलं. पहिल्यांदा अप्पांच्या छातीत दुखलं, दुसऱ्यांदा अव्वाचं बीपी वाढलं. दिवाळीत तू येतो म्हणाला होतास. ते राहिलंच, आता १७ ला ये आणि चार दिवस राहा. मला फक्त एक रविवार हवा आहे. चोपन्न वर्षांच्या बाईनं झोपाळ्यावर बसायचा हट्ट धरावा हे शोभत नाही, पण धरला आहे.

सूनबाईला आशीर्वाद. तुझी वाट पाहणारी,
अक्का

---

बंगळूर,
ता. १० जानेवारी २०२५

ति. अक्कास मृत्युंजयचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी खूप हसलो आणि मग वाईट वाटलं. अक्का, रागावू नकोस, पण १७ ला जमत नाही. ऑफिसात ऑडिट आहे आणि साहेबांनी त्या आठवड्यात कुणाला जागचं हलू द्यायचं नाही असं ठरवलंय. शिवरात्रीच्या सुमाराला नक्की येतो.

पण तू हुरड्याला जाच. शेजारच्या फुलाबाईला दिवसभर बसव आणि काहीतरी थाप मार. तू बत्तीस वर्षं पोरांच्या थापा ऐकल्यास, तुला एक जमू नये? सरळ कुणाच्या तरी मातीला जाते म्हण. मातीला जाणाऱ्याला आपल्या घरात कुणी अडवल्याचं मी पाहिलं नाही. माणूस मात्र नीट निवड, नाहीतर अव्वा तासाभरात सगळ्या नातेवाइकांना फोन लावून रडायला बसेल!

दोघांना नमस्कार सांग. हुरड्याबरोबरची शेंगाचटणी माझ्या वाटणीची बाजूला काढ. माया आहे तशी असू दे.

तुझा,
मृत्युंजय

---

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
ता. २२ जानेवारी २०२५

चि. मृत्युंजय यास आशीर्वाद.

तू थट्टेत लिहिलंस आणि मी ते खरं केलं.

नात्यातला माणूस नको, हे तुझं बरोबर होतं. म्हणून मी चनमल्लप्पांना मारलं. तुला आठवत असतील. अप्पा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होते, तेव्हा हे तिथे जॉबर होते, मागांची दुरुस्ती त्यांच्याकडे. आपल्या घरी रोज चहाला यायचे. मग काहीतरी बिनसलं, कारखाना सोडून ते अक्कलकोटला मुलाकडे गेले आणि अप्पांनी अठरा वर्षं त्यांचं नाव काढलं नाही. त्यांचा फोन नंबरही आपल्याकडे नाही. मला वाटलं, ना घेणं ना देणं, यांच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही. रविवारी सकाळी सांगितलं की चनमल्लप्पा गेले, मी मातीला जाऊन येते. अप्पा नुसता हात हलवून जा म्हणाले.

खोटं कशाला बोलू, दिवस फार सुंदर गेला. आगटीतून काढलेली गरम कणसं, हातावर चोळून घेतलेला हुरडा, चटणी, गूळ, दही. चिंचेला झोपाळा बांधला होता. रत्नम्मानं मागून असा धक्का दिला की मी किंचाळले, आणि मग पाचही जणी पोट धरधरून हसलो. किती वर्षांनी मी इतक्या मोठ्यानं हसले असेन!

संध्याकाळी घरी आले तर अप्पा सकाळपासून जेवले नव्हते. फुलाबाई म्हणाली, लई विनवलं, पण चहा बी घेतला न्हाई. आपल्यात सुतक नसतं, तरी त्यांनी पुन्हा अंघोळ केली होती आणि इष्टलिंग तळहातावर घेऊन तासभर बसले होते. डोळे सुजलेले. मृत्युंजय, मी अप्पांना रडलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला जवळ बसवून विचारू लागले की माणसं किती होती, समाधीत बसवताना तोंड कसं दिसत होतं, शेवटी माझं नाव काढलं होतं का. आणि मी हुरड्याच्या वासाची साडी नेसून त्यांना सगळी उत्तरं दिली. तोंड शांत होतं असं मी सांगितलं. नाव काढलं होतं असंही सांगितलं. एवढं खोटं मला इतक्या सहज येतं हे मला माहीत नव्हतं.

अव्वानं साडी घडी करताना पदरातला ज्वारीचा कोंडा झटकला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. आता काय करू ते सांग. मला लाज वाटते रे. आरशात बघून भांग पाडायचीसुद्धा लाज वाटते.

तुझी,
अक्का

---

बंगळूर,
ता. २७ जानेवारी २०२५

ति. अक्कास सा. नमस्कार.

घाबरू नकोस. झालं ते झालं. आता खरं सांगायला गेलीस तर त्यांना दुसरा धक्का बसेल. अप्पांचं वय त्र्याऐंशी, महिन्याभरात विसरतील. अक्कलकोटचं कुणी आपल्याकडे येत नाही आणि आपलं कुणी तिकडे जात नाही. गप्प राहा, एवढंच. झोपाळ्याचा फोटो पाठवला होतास तो दहादा पाहिला. तुझ्या चेहऱ्यावर असं हसू मी माझ्या बारावीनंतर पाहिलं नव्हतं, त्यामुळे फार मनाला लावून घेऊ नको.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
मृत्युंजय

---

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
ता. ४ फेब्रुवारी २०२५

चि. मृत्युंजय यास आशीर्वाद.

तुझ्या सांगण्याप्रमाणे मी गप्प राहिले. अप्पा राहिले नाहीत.

मी मंडईत गेले असताना त्यांनी पेपरवाल्या एजंटाला फोन करून घरी बोलावलं होतं. कारखान्यातल्या खंडेनवमीच्या पूजेचा जुना फोटो काढून दिला आणि मजकूर स्वतः सांगितला. शुक्रवारी सकाळी मी पेपर उघडला तर आत चनमल्लप्पांचा फोटो. खालचा मजकूर जसाच्या तसा उतरवते:

लिंगैक्य चनमल्लप्पा, अक्कलकोट. मित्रा, टॉवेलचे गठ्ठे तू नेले नव्हतेस. मी मालकाला तुझे नाव सांगितले आणि तुझे काम गेले. आठ दिवसांनी गठ्ठे रंगखात्यात सापडले. मला कळले होते, मी बोललो नाही. आता सांगून उपयोग नाही. क्षमा कर. तुझा, चन्नवीर.

अव्वानं बाईवर आळ घेतला त्या दिवशी अप्पा भिंतीकडे तोंड करून का पडले होते, ते तेव्हा कळलं. सगळं सांगून टाकायचं म्हणून दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि दोनदा स्वयंपाकघरात परत आले. भाकऱ्या थापत बसले.

रविवारी सकाळी दारात मोटारसायकल थांबली. मुलाच्या मागून चनमल्लप्पा उतरले. धोतर, टोपी, हातात काठी आणि छातीच्या खिशात घडी केलेला पेपर. उंबऱ्यातूनच म्हणाले की चन्नवीर, भिऊ नको, मी भूत न्हाय, पाणी दे आधी, लई तहान लागलीया. अप्पांच्या हातातली जपमाळ खाली पडली.

म्हातारे हसत होते, मुलगा मात्र संतापला होता. आणि त्याचं बरोबरच होतं. दोन दिवस त्यांच्या दारात पाहुणे रडत येत होते आणि चनमल्लप्पा स्वतः दार उघडून त्यांना चहा पाजत होते. त्याची आई गुलबर्ग्याला माहेरी होती, तिला कुणीतरी फोनवर सांगितलं आणि ती बिचारी रडत अर्ध्या वाटेवर आली. तो म्हणाला की काका, ही बातमी तुमाला कुणी दिली, त्याचं नाव सांगा, मला त्याला भेटायचंय.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्या क्षणी त्यांना सगळं कळलं, हे मला कळलं. आणि अप्पांनी हात वर करून सांगितलं की कुणी न्हाई बाबा, माझंच डोकं आता ठिकाणावर न्हाई. पहाटं सपान पडलं, तेच खरं धरून बसलो. पोरीला बी विचारलं न्हाई. म्हातारा झालोय, माफ करा.

मृत्युंजय, हे अप्पा बोलले. चुकीच्या दिवशी लग्नाला पोचले तेव्हा पत्रिकाच चुकलीय म्हणून भांडणारे आपले अप्पा. परक्या पोरासमोर स्वतःला वेडं ठरवून त्यांनी मला झाकलं आणि मी खांबाला धरून उभी राहिले. त्यांनी अठरा वर्षं लपवलेलं गावासमोर छापून टाकलं आणि मला चार माणसांत एक वाक्य बोलता आलं नाही. पोरांना खरं बोला म्हणून बत्तीस वर्षं शिकवलं, ते कुठल्या तोंडानं शिकवलं देव जाणे.

चनमल्लप्पा पेपरावर हात थोपटत म्हणाले की जित्तेपणी ऐकायला मिळालं न्हाई, त्यासाठी मला मरावं लागलं बघ, आता हे लॅमिनेशन करून भिंतीला लावतो. मग दोघं एकमेकांचे हात धरून बराच वेळ कन्नडमध्ये बोलत बसले. अकराला एका ताटात जेवले. भाकरी पाच मिनिटं उशिरा झाली होती, अप्पांनी चकार शब्द काढला नाही.

ते गेल्यावर अप्पांनी मला हाक मारली. ओरडतील म्हणून मी तयार होते, ओरडावं असंच वाटत होतं. ते म्हणाले, पुन्हा जायचं असलं तर सांगून जा, माणसं मारू नको. थोड्या वेळानं विचारलं की हुरडा कसा होता. मी भांडी घासायला निघून गेले.

तुझी,
अक्का

---

बंगळूर,
ता. ९ फेब्रुवारी २०२५

ति. अक्कास मृत्युंजयचा सा. नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला, कारण हे अव्वाच्या स्पीकरवर सांगण्यासारखं नाही.

ऑडिट नव्हतं, अक्का. १७ ते २० मी मित्रांबरोबर कूर्गला होतो. बुकिंग नोव्हेंबरमध्येच झालेलं. तुझा झोपाळ्याचा फोटो आला तेव्हा मी रिसॉर्टच्या बागेत कॉफी पीत होतो, आणि मित्रांना तो दाखवून सांगितलं की बघा, आमची अक्का माझ्या आयडियानं सुटली. सगळे हसले. मीही हसलो. आता ते आठवलं की कुठे तोंड लपवू असं होतं. तुला एक रविवार चोरावा लागला, कारण मी चार दिवस चोरले. आणि मातीची कल्पना माझी, शिव्या मात्र अप्पांनी स्वतःवर घेतल्या.

शनिवारी १५ ला येतोय. दहा दिवस राहणार. आल्या आल्या अप्पांना हे सगळं मी सांगणार आहे, तू मध्ये पडायचं नाही. तू तुझ्या मैत्रिणींना निरोप दे आणि रविवार ठरव.

तुझ्यासमोर उभं राहायला धीर दे, एवढंच मागतो.

मृत्युंजय

---

सोलापूर,
ता. १६ फेब्रुवारी २०२५, सकाळ

चि. मृत्युंजय यास,

तू झोपलायस, म्हणून ही चिठ्ठी पोळ्यांच्या डब्याखाली ठेवते. आम्ही पाचजणी नळदुर्गला चाललोय.

बेलाची पानं ताटलीत आहेत, भोकाची मी काढून टाकली. अव्वाची डबी हरवली तर आधी उशी उचलून बघ. चनमल्लप्पा दहाला येतील, दर रविवारी येणार म्हणतात, तेव्हा अकराला भाकरी दोघांना वाढ. फुलाबाई थापून देईल. काल तू कूर्गचं सांगितलंस तेव्हा अप्पा नुसतं ‘असं का?’ म्हणाले आणि तुझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढायला लावली, ते मी पाहिलं. तुझी मान खाली गेलेलीही पाहिली. माझीही अजून वर होत नाही. होईल तेव्हा होईल.

मघाशी मी चप्पल घालत होते तर अप्पांनी पलंगावरून विचारलं की आज कोण गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली बघूनच सांगितलं की अप्पा, सगळे ठणठणीत आहेत, मी मजा करायला चाललेय. हे तोंडानं म्हणायला मला चोपन्न वर्षं लागली.

ते जा म्हणाले. मी फाटकापर्यंत पोचले तर मागून पुन्हा हाक आली. चिठ्ठीत एवढं घालायला म्हणून परत आत आलेय. म्हणाले की आल्यावर माझ्यापाशी बस आणि सगळं सांग, मागच्या वेळचं तू काहीच सांगितलं न्हाईस.

संध्याकाळपर्यंत दोघांना सांभाळ, आणि स्वतःलाही.

तुझी,
अक्का