कबरीवरच्या फुलांचं खत

प्रिय आई,

प्रभूमध्ये सलाम. मी बरी आहे. वेळेवर जेवते. तुझं गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला आणायला सांग.

ऑल सोल्सच्या दिवशी, आपल्या मृतांच्या आठवणीच्या दिवशी, शिवडीच्या कब्रस्तानात लॅन्सच्या कबरीवर जाऊन आले. शेवंती वाहिली, मेणबत्ती लावली. रडू आलं नाही.

तो दरवर्षी त्यानंतर कबरींवरची सुकलेली फुलं गोळा करायचा. प्लास्टिकच्या रिबिनी सोडवून चर्चमागच्या खड्ड्यात फुलांचं खत करायचा. यंदा कोणी जाईना, म्हणून मी गोणी घेऊन गेले. शेजारची डोरिस आंटी म्हणाली, "नवरा गेला नि कचरा तुझ्या गळ्यात घालून गेला बघ!" मग तिनेच दुसरी गोणी धरली. लॅन्सच्या कबरीवरची शेवंतीही मीच गोणीत टाकली. तेव्हाही काही वाटलं नाही.

काल खत खालीवर करायला गेले. फावडं जड झालं म्हणून हात घातला, तर आत चांगलंच गरम होतं. कुजताना खत आतून तापतं, लॅन्स सांगायचा तसंच. मी बराच वेळ हात तिथेच ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला काहीतरी जाणवलं.

तू विचारतेस, कायमची घरी कधी येतेस. नाताळला येते, पण परत निघेन. ईस्टरपर्यंत खत तयार होईल. ते कबरींवरच्या झाडांना घालायचं आहे. रागावू नकोस.

अंगणातल्या लिंबाला यंदा फळ धरलं का?

देव तुला सांभाळो.

तुझी,
एस्तेर