बारा चमचे आणि खोडलेलं कलम

मी, नेली वोझ्नियाक, माहेरची रॅग, वय सत्तर, राहणार शेफील्ड, काट्या-चमच्यांच्या कारखान्यातली निवृत्त पॉलिशवाली, पूर्ण शुद्धीवर आणि दोन कप चहा पोटात असताना हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवून घेत आहे. माझ्यावर दडपण आणू शकेल असा एकच माणूस म्हणजे माझा नवरा झिग्मंट. तो चार वर्षांपूर्वी गेला, आणि त्यालाही ते कधी जमलं नव्हतं.

कलम एक. राहतं घर मुलगी हान्का हिला. भिंतीवरचा गुलाबी कागद तिला पहिल्यापासून खुपतो. तिने तो खुशाल फाडावा, पण मला पुरून आल्यावर.

कलम दोन. माझा डोक्याला बांधायचा लाल रुमाल डोरीनला. आम्ही दोघींनी शेजारशेजारच्या चाकांवर शेहेचाळीस वर्षं चमचे घासले, अंगाला तपकिरी कागद गुंडाळून, वाळू-तेलाने काळ्याकुट्ट, बेसूर गात. रस्त्याने निघालो की सभ्य बायका नाक मुरडून कडेला व्हायच्या आणि घरी जाऊन आमच्याच चमच्यांनी चहा ढवळायच्या.

कलम तीन. दफनानंतरच्या जेवणात हॅम, लोणचं आणि फळांचा केक असावा. ताट चाटूनपुसून साफ करण्यालाही आम्ही 'पॉलिश करणं'च म्हणतो. त्या दिवशी सगळी ताटं पॉलिश झालेली हवीत.

कलम चार. थोरली बहीण म्युरिएल, निवृत्त शिक्षिका, राहणार हॅरोगेट, हिला बुटाच्या पॉलिशची एक डबी. कारण १९४८ साली माझं लग्न ठरल्यावर तिने लिहिलं, "त्याच्याकडे इंग्रजी नाही, तुझ्याकडे पॉलिश नाही. संसार कसा होणार, नेल?" एका वाक्यात दोघांचा अपमान! जन्मभर पॉलिश करणारीकडे पॉलिश नाही, म्हणजे मला रीतभात नाही? त्रेचाळीस वर्षं मी तिच्याशी बोललेले नाही. पुरावा म्हणून पत्र सोबत जोडावं.

वरील कलम रद्द. बॅगशॉ वकील म्हणाले, नवा कागद घेऊ. मी म्हटलं, खोडलेलं दिसू दे. झालं असं की, जोडण्याआधी त्यांनी पत्र वाचलं आणि चष्मा काढला.

"बाई, तुमचे यजमान कुठले?"

"पोलंडचे. युद्धात आले, इथेच राहिले."

"मग हे 'पॉलिश' नाही हो, 'पोलिश' आहे! त्यांना इंग्रजी येत नाही, तुम्हाला त्यांची भाषा येत नाही. एवढंच विचारतायत त्या."

इंग्रजीत दोन्ही शब्दांचं स्पेलिंग एकच. फरक फक्त पहिलं अक्षर मोठं की लहान याचा, आणि म्युरिएलच्या हस्ताक्षरात मोठं-लहान दोन्ही सारखंच दिसतं. शिक्षिका म्हणे! म्युरिएलचा फोन नंबर हान्काकडे निघाला. ती मावशीला चोरून भेटत होती, त्याचं नंतर बघते. वकिलांच्याच टेबलावरून फोन लावला आणि नाव सांगितलं.

"नेल? कोण गेलं?"

"कुणी नाही. मृत्युपत्र करतेय. तुला बुटाचं पॉलिश ठेवत होते."

सगळं सांगितलं. पलीकडे ती हसली की रडली, कळलं नाही.

"गाढवे," म्हणाली, "आहेर म्हणून तुला पोलिशचा शब्दकोश आणला होता गं मी. अजून कपाटात आहे."

कलम पाच. निवृत्तीच्या वेळी मिळालेले, मी स्वतः पॉलिश केलेले बारा चमचे या मिळकतीत धरू नयेत. ते म्युरिएलचे. त्यासाठी मरेपर्यंत कोण थांबतंय? येत्या रविवारी मी हॅरोगेटला स्वतः घेऊन जाणार. तिचं खरंच होतं. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात मला पोलिश आलं नाही. एकच शब्द येतो. झिग्मंट उशिरा घरी आला की दारातच म्हणायचा, "पशेप्राशाम." चुकलं माझं. म्युरिएलने दार उघडलं की मीही तेवढंच म्हणणार आहे.

शेफील्ड, १४ मार्च १९९१
सही: नेली वोझ्नियाक

खोडाखोड आमच्यासमोर झाली. बाई डोळे पुसत होत्या, पण शुद्धीवर होत्या.
साक्षीदार: मॉरिस स्टॅनिफोर्थ, शेजारी
बेरिल ऑक्सली, टंकलेखिका