आईचं लग्नाआधीचं नाव

आई, मला क्रेडिट कार्ड मिळालं. तुला हे सांगायचं म्हणजे आधी ते काय असतं ते समजावावं लागेल आणि तू मध्येच "म्हणजे उधारीच ना गं?" म्हणून मला गप्प करशील. उधारीच. पण चव्वेचाळिसाव्या वर्षी ती शिकावी लागली, कारण दादाने कल्याणची आपली खोली विकायला काढलीय. तो घोडबंदर रोडला मोठ्या घरात जातोय. "तू पण चल, तुझी वेगळी रूम आहे," म्हणाला. वहिनीही म्हणाली, अगदी मनापासून. पण मला आता दुसऱ्याच्या घरातली वेगळी रूम नकोय. आंबिवलीला स्टेशनपासून चालत जाता येईल असं वन रूम किचन मी पाहून ठेवलंय. माझ्या वाट्याच्या पैशांत ते बसत नाही, कर्ज काढावं लागेल. आणि बँकेतली मुलगी कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली, "मॅडम, तुमची क्रेडिट हिस्टरीच नाहीये." कधी कर्ज घेतलंच नाही, तर मी ते फेडते की बुडवते हे त्यांना कळणार कसं? राग आला, पण तिचंही खोटं नव्हतं.

उपाय तिनेच सांगितला. एफडी ठेवा, तिच्यावर कार्ड घ्या, दर महिन्याला थोडं वापरा, वेळेवर भरा आणि वर्षभराने कर्जासाठी या. मी लगेच अर्ज भरायला बसले. ती विचारत होती, मी सांगत होते. "आईचं लग्नाआधीचं नाव?" मी तुझं नाव आणि मामाचं आडनाव ठोकून दिलं. "नक्की ना?" ती म्हणाली. "फोनवर ओळख पटवायला हेच विचारतात. माझ्या आजीचं तर पहिलं नावही बदललेलं, म्हणून म्हटलं." आई, तुझंही बदललेलंच की. बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव कसं लिहिलं, ते तू कितीदा हसत सांगितलं होतंस. आधीचं काय होतं, ते कधी निघालंच नाही. माहेरी तुला सगळे ताईच म्हणायचे. "उद्या येते," म्हणून मी उठले.

दुसऱ्या दिवशी मी काम करते त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून अर्धी सुट्टी घेऊन ठाण्याला मामाकडे गेले. तो आता थकलाय, ऐकू कमी येतं. ओरडून विचारलं तेव्हा आधी हसला. "अगं, तुला ठाऊक नाय? तुझ्या मोठ्या काकीचं तेच नाव होतं. एका घरात दोन कशा चालतील? मग हिचं बदललं." मग त्याने नाव सांगितलं. इथे लिहीत नाही, तुझं तुला माहीत आहे. ते तोंडातून गेल्यावर त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. म्हणाला, "पहिल्यांदा माहेरी आलेली ना, तेव्हा आमच्या बाबांनीच ताकीद दिलेली, आता जुनी हाक बंद. खूप रडली गं. माझा हात धरून म्हणत होती, या घरात तरी म्हणा ना रे." मामा तेव्हा लहान होता. त्यानेही ते नाव पुन्हा कधी घेतलं नाही.

परतीच्या बसमध्ये मला एक दिवस आठवला. मी सातवीत असेन. कल्याणच्या बाजारात तू मेथी घेत्येस, मी कंटाळून पिशवी हलवत्येय आणि मागून कुणी बाई हाक मारते. हेच नाव. तू जुडी हातात धरून गर्रकन वळतेस. तसा चेहरा मी तुझा पुन्हा कधी पाहिला नाही. ती बाई आपल्या मुलीला बोलावत होती. मी म्हटलं, "तुला कुठे हाक मारलीय? चल ना." तू खेकसलीस, "बघितलं तर काय बिघडलं तुझं?" आणि भराभर घराकडे चालू लागलीस. मला वाटलं, मेथी महाग मिळाली म्हणून.

मला फार वाईट वाटतं गं. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि माझी आई गेली म्हणून रडले. हाकेसाठी भावाचा हात धरणाऱ्या त्या मुलीसाठी तेव्हा कुणी रडलं नाही. आता मला रडू येतं, भांडी घासताना, रिक्षात, कुठेही. माझं लग्न झालं नाही म्हणून तुझ्या मागे पुष्कळ जणांनी हळहळ केली. माझं नाव मात्र तू ठेवलंस तेच आहे.

कार्डावर किराणा आणि विजेचं बिल घालते, तारखेच्या आधी भरून टाकते. घर मिळेलच असं नाही, वर्षभर कोण थांबतंय माझ्यासाठी! हे पत्रही पर्समध्येच राहणार, धाडू कुठे? एक सांगते, दादाला कळलं तर हसेल. कार्ड सुरू करायला फोन केला, तेव्हा पलीकडच्या मुलीने तुझं लग्नाआधीचं नाव विचारलं. मी सांगितलं. तिने खात्री करायला ते पुन्हा म्हटलं, सावकाश, स्वच्छ. त्यानंतर मी आणखी बऱ्याचदा फोन केलाय. कार्ड व्यवस्थित चालतंय. बिलाची तारीख काय, एवढंच विचारते, आणि ती मला पाठ आहे.