नाओमीच्या पायांसाठी मागू नका

आई,

चार वाजता चर्चमधल्या वैजयंतामावशी नाओमीजवळ बसायला येतील. पेज घट्ट ठेवलीय. भरवताना तिची मान जरा पुढे असू द्या, नाहीतर ठसका लागतो. मी चर्चच्या मागच्या खोलीत दोन तास झोपायला जातेय. मागच्या शनिवारी बँकेत गेले म्हणाले, तेव्हाही तिथेच झोपले होते. रागावू नका.

एक विनंती आहे. मावशींसोबत प्रार्थना करताना 'हिला चालू दे' असं मागू नका. परवा तुम्ही आमेन म्हणालात, तेव्हा ती पाय उचलून बघत होती. नंतर मला म्हणाली, "मम्मी, देव माझ्यावर रागावलाय का?"

मी नाही म्हटलं, पण तिला पटलं नाही. आज तुम्ही सांगा. तुमचं ती ऐकते.

एस्तेर