वाचून दाखवलेलं पत्र

पहूर, ता. ४ मार्च १९९४

चि. पितांबर यास अक्काचे अ. उ. आ.

बोलणार मी, लिहिणार आपला भिका टपालवाला. निंबाचं जमलं! साक्रीच्या लीलाधरभाऊंची सरला. सातवी पास, हाताला चव. लग्न आखाजीनंतर, अक्षय्य तृतीयेचा सण झाला की. मामा म्हणून तूच पुढे उभा राहायचं, दवाखान्यातून सुटी मिळत नाही हे रडगाणं चालणार नाही. एकच घोर आहे. शाळेमागे प्लॅस्टिकच्या पन्नीतली दारू मिळू लागल्यापासून पोरगा त्या झुलालसोबत तिथेच पडीक असतो. दोनाचे चार हात झाले की लागेल मार्गाला.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी अक्का,
द्रौपदाबाई

शिरपूर, ता. १५ मार्च १९९४

ती. गं. भा. अक्कास पितांबरचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र भिकाकडूनच वाचून घे, घरात कोणाकडून नको. झुलाल आमच्या दवाखान्यात आला होता. कंपाउंडरने असलं बाहेर बोलू नये, पण परक्या पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे. ही पोरं पिऊन हायवेवर बायांकडे जातात. झुलालला गुप्तरोग झालाय, आणि निंबालाही तसलीच जखम झाली होती हे त्यानेच सांगितलं. इंजेक्शनाने जखम भरते. पण रक्तात एड्स असला तर वरून कळत नाही, आणि तो बायकोलाही लागतो. धुळ्याला नेऊन रक्त तपासेपर्यंत लग्न थांबव. माझ्यावर राग काढ, पण थांबव. मला फार भीती वाटते.

लहान तोंडी मोठा घास घेतला, पोटात घाल.

तुझा पितांबर

पहूर, ता. २ मे १९९४

चि. पितांबर यास अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा भिका रजेवर, म्हणून निंबानेच वाचून दाखवलं. वाचताना पोराला घाम फुटला. लग्नाचं नाव काढताच असा भिजलास का, म्हणून मी हसले. लग्न लांबवू नका, आखाजीची वाट पाहू नका, असं तू लिहिलंस, म्हणून मागच्या आठवड्यात बार उडवून दिला. पत्रिका निंबाने स्वतः टपालात टाकली होती, तरी तू आला नाहीस. मामाशिवाय लग्न लागलं, हे मी विसरणार नाही.

सून गुणाची आहे. हे पत्र तिच्याच हातचं. यापुढे तुझी पत्रं तीच वाचेल, तेव्हा मोकळेपणाने लिहीत जा.

रुसले तरी तुझीच,
अक्का

मामांना सरलाचा शि. सा. नमस्कार. एवढं सासूबाईंना न सांगता लिहिते. यांना रोज बारीक ताप असतो. जामनेरला जाऊन इंजेक्शन घेतात. कशाचं विचारलं तर चिडतात. आपण दवाखान्यात असता. मी भिण्यासारखं काही आहे का? उत्तर माझ्याच नावे पाठवावे.