खिडकीकडे पाठ

५ जानेवारी, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. पाच ओळी का होईना.
आज मोठ्या बाईंनी सगळ्या मजल्यांसमोर जाहीर केलं की आपल्या ऑफिसच्या इन्क्लूजन कमिटीचा, म्हणजे सगळ्यांना सामावून घेणाऱ्या समितीचा, चेअरमन मी. टाळ्या झाल्या. सव्वीस वर्षं लोकांचे करार निस्तरले, तेव्हा कोणी वाजवल्या नव्हत्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या वकिली फर्मच्या मुख्य पार्टनर, त्या उगाच कोणाला काही देत नाहीत. मे महिन्यात नव्या पार्टनरांची यादी लागते. अकरा वर्षं बघतोय. या वेळी चित्र वेगळं आहे.
संकल्प. एक, कोणाचं बोलणं मध्येच तोडायचं नाही. दोन, मत द्यायची घाई करायची नाही. तीन, लिफ्टमध्ये सगळ्यांकडे बघून हसायचं, कुरिअरवाल्याकडेसुद्धा.
घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी टीव्हीचा आवाज कमी करा, मग सांगा.

८ जानेवारी, गुरुवार
हेड ऑफिसचं नवं खूळ: उलटं मेंटॉरिंग. ज्युनिअरने सीनिअरला शिकवायचं. चेअरमन म्हणून सुरुवात माझ्यापासून.
माझ्या वाट्याला आलेली मुलगी ऑक्टोबरात लागली. प्रोबेशनवर आहे, मार्चअखेर कायम करायची की नाही ते ठरेल. दोन्ही कानांत मशीन. समोरच्याचे ओठ वाचते. हातात सदानकदा वही, म्हणून मनातल्या मनात तिला वहीवाली म्हणतो. आधी चार फर्मनी तिला नको म्हटलं होतं. आपण घेतलं. याला म्हणतात इन्क्लूजन.
चाळीस मिनिटांची बैठक. पैकी अडतीस मी बोललो, कारण पोरगी बुजरी आहे. शेवटी तिने एकच मागितलं. सर, तुम्ही खिडकीकडे पाठ करून बसता. तुमच्या चेहऱ्यावर अंधार येतो, ओठ दिसत नाहीत. खुर्ची फिरवाल का?
विचार करतो म्हणालो. ही खिडकी मला नोकरीच्या सोळाव्या वर्षी मिळाली. खुर्ची फिरवली तर आत येणाऱ्याला आधी माझी पाठ दिसणार. रुबाब काय राहिला? पण सूचनेची रीतसर नोंद घेतली.

२० जानेवारी, मंगळवार
कमिटीची पहिली मीटिंग. पोस्टर मंजूर. भला मोठा कान आणि खाली, ‘आम्ही ऐकतो’. कल्पना माझी.
हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. टायवाला सगळ्यात वाईट. हा माझ्या शेजारच्या केबिनमधला, सुट्टीच्या दिवशीही टाय लावून येतो आणि माझ्या खिडकीवर डोळा ठेवून आहे. मीटिंगभर टायशीच बोलत होता. फोनचंही तेच रडगाणं. आयटीवाल्याने तिसऱ्यांदा बदलून दिला, तरी खरखर. माल स्वस्तातला घेतात.

२९ जानेवारी, गुरुवार
वहीवालीशी दुसरी बैठक. व्हिडिओ कॉलवर कॅप्शन लावू या म्हणाली, म्हणजे बोललेलं पडद्यावर लिहून येतं. मी समजावलं, क्लायंटला वाटतं आपलं बोलणं कुठेतरी नोंदलं जातंय, मग तो मोकळा होत नाही. ती बरं म्हणाली.
मग वही मिटून, हळूच, दार बंद आहे ना बघून म्हणाली की सर, तुम्हीही माझ्यासारखंच करता. ओठांकडे बघता. एकदा तपासून घ्या. फार सोपं असतं. हवं तर मी येते सोबत.
किती हा आगाऊपणा! मी मोठ्या मनाने हसण्यावारी नेलं. तोंड मात्र बराच वेळ तापलेलं होतं.
माझे कान ठणठणीत आहेत. बायको पुटपुटते. आमची मुलगी फोनवर भरभर बोलते. मुलीचे फोन आता आईलाच येतात.

११ फेब्रुवारी, बुधवार
सकाळी साडेसातचा कॉल. तीन देशांतली माणसं. आपला क्लायंट एक कारखाना विकत घेतोय. पैसे द्यायच्या आधी यंत्रं तपासायला तीस दिवस हवेत, ही आपली मुख्य अट. आपल्याकडून मी आणि वहीवाली, टायवाला कोर्टात होता.
समोरच्या वकिलाला एवढी दाढी की तोंड आहे की नाही कळेना. पण माणूस लाघवी. तो काही काही विचारत गेला, मी ‘अगदी, अगदी’ म्हणत गेलो. अशा वेळी ‘काय म्हणालात?’ विचारलं की रंगाचा बेरंग होतो. कॉल झकास झाला.
नंतर वहीवाली केबिनमध्ये आली. वहीवर बोट ठेवून काहीतरी विचारत होती. मी म्हणालो, हो हो, पाठव. ती उभीच. पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो, वर अंगठा. ती डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग गेली. आत्मविश्वास कमी आहे. तिच्या प्रोबेशनच्या रिपोर्टमध्ये लिहायला हवं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
घोटाळा. वहीवालीने कालच्या कॉलचा वृत्तांत दोन्ही बाजूंना पाठवला. त्यात लिहिलंय की तपासणीची अट आपण सोडली! दाढीवाल्याचं लगेच आभाराचं पत्र. आपला क्लायंट आगीचा लोळ झालाय.
मी अट सोडेन? मी?
मीटिंगमध्ये टायवाला म्हणाला, तिला नीट ऐकू आलं नसेल, बिचारी. या वेळी स्पष्ट बोलला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प राहिलो. मत द्यायची घाई करायची नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६
दाढीवाल्याने भुवया वर केल्या होत्या. तीन बोटं दाखवून मग हात झटकला होता. तीस दिवस, जाऊ दे. असं असेल का ते? आणि मी अगदी म्हणालो.
आणि ती केबिनमध्ये दोनदा काय विचारत होती?
मोठ्या बाईंना सांगून टाकायचं. आजच नको, सोमवारी त्यांचं डोकं फिरलेलं असतं. उद्या.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
मोठ्या बाई प्रवासात.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
मोठ्या बाई परतल्या. थकलेल्या दिसल्या. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?

४ मार्च, बुधवार
चौकशी. मोठ्या बाई, एचआरची बाई, वहीवाली, मी.
वहीवाली म्हणाली, समोरच्यांनी अट सोडाल का विचारलं, सर अगदी म्हणाले. मला खटकलं म्हणून पाठवण्याआधी सरांना दोनदा विचारलं, दोन्ही वेळा सर हो म्हणाले.
मोठ्या बाईंनी मला विचारलं, हे खरं का? मी म्हणालो, मला आठवत नाही.
हे खोटं नाही. जे कानावरच पडलं नाही ते आठवणार कुठून? वकील म्हणून उत्तर बिनतोड होतं.
तिने माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता ही ओठांचं बोलणार. तिने वही मिटून तिला रबर लावलं. मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच दिवसभर किळस येत राहिली.

१२ मार्च, गुरुवार
बायकोला बँकेत जातो सांगून कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. छोटीशी खोली, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी भराभर दाबलं. पैकीच्या पैकी असणार असं वाटलं.
डॉक्टर म्हणाले, बऱ्याचदा आवाज नसतानाच दाबलंत. मग कागदावरची उतरती रेघ दाखवली. हे सहा-सात वर्षांपासून असावं म्हणाले. घरी कोणाच्या लक्षात आलं नाही का?
त्यांचं यंत्र जुनं दिसत होतं. तसं म्हणणार होतो. जमलं नाही.
मार्चअखेरच्या आत मोठ्या बाईंशी बोलायचं. नक्की. डॉक्टरांनी कानाचं मशीन सांगितलंय, ते येऊ दे, म्हणजे पुरावा हाती असेल.

२५ मार्च, बुधवार
वहीवालीला कायम केलं नाही. मशीन परवा येणार आहे.
निरोप घ्यायला आली. मी उठून भिंतीपाशी उभा राहिलो, उजेड तोंडावर येईल असा. विचारलं, तू त्यांना माझ्या कानांचं का सांगितलं नाहीस?
ती म्हणाली, ते तुमचं होतं, सर. मी कसं सांगणार? माझ्याबद्दल सगळीकडे माझ्याआधीच कोणीतरी सांगून मोकळं होतं. मला नाही आवडत ते.
मग म्हणाली, आई विचारेल काय झालं म्हणून. तिला काय सांगू ते अजून ठरलं नाही.
मी म्हणालो, शुभेच्छा. सव्वीस वर्षं बोलून पोट भरलं, आणि एवढाच शब्द सापडला. ती गेल्यावर दार लावून रडलो. त्या मुलीची नोकरी मी घालवली. दुसऱ्या कोणी नाही.

२७ मार्च, शुक्रवार
मशीन लावलं. कागद केवढे वाजतात! बायको भाजी चिरताना गुणगुणत होती. हे कधीपासून, विचारलं. नेहमीच, म्हणाली.

२ एप्रिल, गुरुवार
मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. कॉल, दाढीवाला, केबिन, ‘आठवत नाही’. काही मागे ठेवलं नाही. तिला परत बोलवा म्हणालो, हवं तर मला काढा.
त्या म्हणाल्या, अंदाज होताच आम्हाला. पण क्लायंटला लिहून गेलंय की ज्युनिअरची चूक. आता ते बदलता येत नाही. तिला चांगलं शिफारसपत्र दिलंय.
मग माझ्या कानाकडे बघून त्यांचा चेहरा एकदम उजळला. वार्षिक अहवालात इन्क्लूजनचं पान आहे, एखाद्या सीनिअर माणसाची गोष्ट हवीच होती. फोटोसकट. मे महिन्याच्या यादीच्या दृष्टीनेही चांगलं.
मी तिच्याबद्दल पुन्हा बोललो. त्या घड्याळाकडे बघून बघू म्हणाल्या.

९ एप्रिल, गुरुवार
फोटो झाला. एचआरच्या बाईने भरायला फॉर्म दिला. शेवटचा प्रश्न: या प्रवासात ऑफिसमध्ये तुम्हाला सर्वांत आधी समजून कोणी घेतलं?
मी तिचं नाव लिहिलं. पूर्ण, आडनावासकट.
बाई फॉर्म घेऊन परत आली. म्हणाली, सर, सध्या नोकरीत असलेलं माणूस हवं. मी विचारलं, मग कोणाचं लिहू? ती म्हणाली, कमिटीचं लिहा ना, छान दिसेल.
कमिटी म्हणजे मीच.
तिचं नाव खोडलं आणि ‘कमिटी’ लिहिलं.