दाराची चावी एकीच्याच गळ्यात नको

मला सगळे भिंगरी म्हणतात. वय सव्वीस, शिक्षण अर्धी नववी. मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांच्या आसराघराची मी प्रमुख. उद्या सकाळी डॉक्टर माझं पोट उघडून फुटलेली प्लीहा काढणार आहेत. वाचेन का, ते तेही छातीठोक सांगत नाहीत. डोकं ठिकाणावर आहे, कुणी धाक घातलेला नाही, म्हणून आपखुशीने लिहून ठेवते.

१. दाराची चावी. दोन वर्षं माझ्या गळ्यात आहे, आंघोळीतसुद्धा. स्वयंपाकीण मावशी म्हणायच्या, "अगं, आम्हाला काय हात नाहीत?" मी म्हणायचे, "तुम्ही झोपा." मंगळवारी भरदुपारी बेल वाजली तेव्हा तीन दिवसांच्या जागरणाने मी भिंतीला टेकून पेंगत होते. न बघता, न विचारता दार उघडायचं नाही हा नियम माझाच. मी सरळ उघडलं. आमच्याकडे आसऱ्याला आलेल्या शिवणवालीचा नवरा हातोडी घेऊन आत घुसला. तिचा उजवा हात मशीनवर दाबून त्याने घाव घातले. तीन बोटं गेली. मधे पडले तर पुढचे घाव माझ्या बरगड्यांवर आणि पोटावर. मी भरला कुकर त्याच्या गुडघ्यावर हाणला. तो पडला तरी हाणत राहिले. मावशींनी ओढलं नसतं तर तो आज शवागारात असता. खोटं कशाला बोलू, मला थांबायचंच नव्हतं.

तर चावी चौघींनी पाळीने सांभाळावी. जिची झोप झालेली नाही तिने दाराला हात लावू नये.

२. माझी मोटारसायकल शिवणवालीला. मिस्त्रीकडून अ‍ॅक्सिलरेटर डावीकडे बसवून घ्यावा. पंधराव्या वर्षी बापाचा पट्टा त्याच्याच पाठीवर ओढून मी घर सोडलं. मग पेट्रोल पंप, वीटभट्टी, कुठे कुठे. एकदा समुद्र बघायला चारशे किलोमीटर गेले आणि पोचल्यावर वाळूत झोपून गेले, बघायचा राहिलाच. असो. ब्रेकही बघून घ्यावेत.

३. मोठ्या बाई, म्हणजे माझ्या आधीच्या प्रमुख. "आपण बसलो की कुणीतरी मरतं," हे त्यांचं वाक्य त्यांना परत. एके दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा चहा मागणाऱ्या नव्या बाईच्या तोंडावर पळी मारली, ओठ फाटला, आणि चप्पल न घालताच त्या निघून गेल्या. मी त्यांना वर्षभर शिव्या घातल्या. त्या शिव्या मागे घेते. "बाई, जा, झोपा," असं त्यांना कुणीच म्हणालं नव्हतं. मीही नाही.

४. संस्थाप्रमुखांच्या मनःस्वास्थ्याचं शिबिर घेणाऱ्या सरांना माझ्या दोन मोडक्या बरगड्या. "खोल श्वास घ्या," म्हणत होते ना, आता घेऊन दाखवा. पण ते हेही म्हणाले होते, "महिन्यातले चार दिवस तुमच्याशिवाय घर चालवून बघा." मी मोठ्याने हसले होते. ते हसू शिवणवालीला महाग पडलं.

५. तिच्या नवऱ्याला काही नाही. तो कोठडीत आहे, तिथेच सडो.

इथवर वाचून मावशी सही करेनात.

"मेलीस तर छान वाटण्या केल्यास. जगलीस तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"बघू नाही. लिही. नाहीतर दुसरा साक्षीदार शोध."

परिचारिका म्हणाली, "लिहा हो, भेटायची वेळ संपत आली."

६. जगले तरी कलम एक लागू. चाळीस दिवस मी घराकडे फिरकणार नाही, फोनही करणार नाही. माझ्यावाचून काही अडलं का, हे कुणाला विचारणार नाही. अडलं नाही, असं कानावर आलं तर रडणार नाही. (हे शेवटचं मावशींनी लिहायला लावलं. कबूल नाही, पण लिहिलं.)

सही: भिंगरी
साक्षीदार: स्वयंपाकीण मावशी (चावी ताब्यात घेऊन मगच सही केली)
साक्षीदार: वॉर्डातली परिचारिका
स्थळ: दवाखाना, खिडकीकडची खाट
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, सायंकाळी पाच